दुसऱ्या टाकीचं पाणी

आमच्या घरात भांडण झालं की ते बहुतेक माझ्यामुळेच झालेलं असे. त्या वर्षी राइस मिलच्या मुनशीशी झालेलं भांडणही माझंच. ते झालं नसतं तर पुढचं काहीच घडलं नसतं, असं मी वीसेक वर्षं स्वतःला सांगत आले आहे. दर वेळी सांगताना मला हेही कळतं की मी लबाडी करते आहे. मुनशी बिचारा या गोष्टीत पाच मिनिटांपुरता आहे. बाकी सगळी मीच आहे.

तेव्हा मी बालाघाटच्या कॉलेजात एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होते. प्रबंधाला विषय घेतला होता तांदळाच्या मिलचं सांडपाणी. आमच्याकडे उसना तांदूळ करतात. धान गरम पाण्यात रात्रभर भिजवायचं, मग वाफ द्यायची, वाळवायचं आणि मग कांडायचं. भिजवलेलं ते पिवळट पाणी टाकीतच आंबतं आणि सकाळी नाल्यात सोडून देतात. गोंदिया रोडवरून जाताना लोक नाकाला रुमाल लावत. मी मात्र सायकलचा वेग कमी करून तो वास घेत असे, कारण त्या वासात मला पहिला वर्ग दिसत होता.

कॉलेजच्या लायब्ररीत येणाऱ्या मासिकांत तेव्हा दोन तऱ्हेचे लेख येऊ लागले होते. एका तऱ्हेच्या लेखांत लिहिलेलं असे, की असल्या पिठूळ सांडपाण्यात यीस्ट वाढवता येतं आणि ते वाळवून प्रथिनं मिळतात. दुसऱ्या तऱ्हेचे लेख खेळाडूंच्या आहाराबद्दल होते. आतड्यातले जिवाणू, आंबवलेलं अन्न, घामातून गेलेलं मीठ, असं काय काय त्यांत असे. मी दोन्हीकडचं थोडं थोडं वाचून दोन्ही एकत्र कालवलं होतं. उथळ पाण्याला खळखळाट फार म्हणतात, तसं माझं झालं होतं.

खेळाडू आमच्या घरातच होती. माझी धाकटी बहीण तीन हजार मीटर धावायची. अंगानं काटकुळी, बोलणं कमी आणि धावायला लागली की चेहऱ्यावर राग दिसायचा, तो कोणावर असायचा देव जाणे. क्रीडा वसतिगृहाची निवड चाचणी आमच्याच गावात व्हायची होती. जिल्ह्यातल्या मुलींमधून दोघी घेणार. राहणं, खाणं, शाळा, प्रशिक्षण सगळं तिकडे. वयाची अट होती आणि त्या अटीप्रमाणे हे तिचं शेवटचं वर्ष होतं. हे हुकलं की मग बारावी, घरातली कामं आणि दोन-तीन वर्षांत लग्न. आमच्या नात्यातल्या सगळ्या मुलींचं तेच झालं होतं आणि ते तिला पाठ होतं. म्हणून ती उन्हाळ्यातल्या पहाटेसुद्धा वैनगंगेच्या पुलापर्यंत धावत जाऊन यायची.

तिच्या कोचनं एक आहाराचा तक्ता दिला होता. त्यात अंडी, केळी आणि प्रोटीन पावडरचा डबा. बाबा सिंचन विभागात नोकरीला होते. त्यांनी गोंदियाहून तो डबा आणला. आठ दिवस तिनं ती पावडर दुधातून घेतली आणि आठही दिवस तिचं पोट फुगलं. नवव्या दिवशी तिनं डबा फळीवर ठेवला आणि आईला म्हणाली, "मले पेजच दे."

पेज म्हणजे आमच्याकडे उरलेला भात आणि भाताचं पाणी मडक्यात रात्रभर ठेवून आंबवलेलं. सकाळी त्यात मीठ घालायचं आणि कांद्याबरोबर प्यायचं. नवी पेज लावताना आई त्यात आदल्या दिवशीची एक पळी टाकायची, दह्याला विरजण लावतात तशी. ते मडकं कधी पूर्ण रिकामं होत नसे. आईच्या मते जुनी पळी पडल्याशिवाय पेजीला जोर येत नाही.

आता या पेजीवर मी जेवताना व्याख्यानं द्यायला लागले.

"आई, तुयी पेज अन् मिलचं पाणी, दोघी सख्ख्या बहिणी हायत. जे जंतू यात, तेच त्यात."

आई चौथीपर्यंत शिकलेली. माझ्या शिक्षणावर तिचा माझ्यापेक्षा जास्त विश्वास. ती विचारायची, "मंग ते लोकं नाल्यात काहून सोडून देतात?"

"अक्कल नाही म्हणून. त्यात प्रोटीन तयार करता येते. पेजीपेक्षा ताकद हाय त्याच्यात."

"खरंच?"

"हौ मंग. सायन्स हाय ते."

बहीण ताटातून डोकं वर न करता म्हणायची, "ताई, तूच पे एक गिलास." मला तिचा राग यायचा. आता वाटतं, त्या घरात शहाणी ती एकटीच होती.

प्रबंधासाठी मला टाकीतल्या पाण्याचे तीन नमुने हवे होते. पहिले दोन सरांच्या चिठ्ठीवर मिळाले. आमचे सर म्हणजे सूक्ष्मजीवशास्त्र शिकवणारे, सागर शहराकडचे, हिंदी बोलणारे, शांत. त्यांची एकच अट होती. नमुना टाकीतलाच हवा, नाल्यातला नको, कारण नाल्यात काय काय मिसळतं याला हिशेब नाही. तिसऱ्या खेपेला मिलमध्ये नवा मुनशी होता. तो म्हणाला, उद्या मालकांना विचारून या. मी म्हटलं, चिठ्ठी आहे. तो म्हणाला, चिठ्ठी जुनी आहे. मग मी जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही, त्यात त्याच्या मिशांचाही उल्लेख होता. त्यानं फाटक लावून घेतलं.

दुसऱ्या दिवशी जाऊन जरा गोड बोलले असते तर काम झालं असतं. पण माझी मान वाकत नव्हती. मी मिलच्या मागून गेले. तिथे टाकीचा पाइप नाल्यात सुटत होता. पाइपाजवळचा काठ उभा आणि बाभळीच्या काट्यांनी भरलेला. वीस पावलं खाली उतरायला सोपी जागा होती. पण त्या दोन्हींच्या मध्ये मजुरांच्या संडासाची नाली येऊन मिळत होती. ती मी पाहिली, चांगली पाहिली, आणि तरीही खाली उतरून सरबताची धुतलेली बाटली भरली. मला आंबटपणा मोजायचा आहे आणि यीस्ट मोजायचं आहे, बाकीच्याशी मला काय करायचं, असं मी मनात म्हटलं. घरी येऊन वहीत लिहिलं, "नमुना तीन. टाकी क्रमांक दोन." प्रबंध द्यायला दोन आठवडे उरले होते.

कॉलेजातला फ्रिज विजेवर चालायचा आणि वीज तेव्हा आमच्याकडे पाहुण्यासारखी यायची. म्हणून बाटली मी घरीच, माठाखालच्या ओल्या वाळूत टेकवून ठेवली. आईनं ती हातात घेऊन वास घेतला.

"पेजीसारखाच येते गं वास. टाकीचंच हाय ना हे?"

"हौ." आणि तिला माझ्या वह्या बघायला आवडायच्या म्हणून मी वहीही दाखवली. तिनं बोट ठेवून वाचलं, "टाकी क्रमांक दोन." तिला समाधान वाटलं. मला काहीच वाटलं नाही.

हे झालं सोमवारी. शनिवारी सकाळी साडेसहाला चाचणी होती.

शुक्रवारी दुपारी चार वाजता मी बाटली न्यायला स्वयंपाकघरात आले आणि पाहिलं तर बाटली पाऊण राहिली होती. झाकण घट्ट होतं, वाळूवर पिवळट डाग नव्हता. सांडलेलं नव्हतं.

"आई, यातलं पाणी कुठी गेलं?"

आई तांदूळ निवडत होती. तिच्या चेहऱ्यावर चोरी सापडल्यासारखं हसू आलं. "रागावजो नको. थोडं थोडंच घेतलं. पेज लावताना जुन्या पळीसंगं हे एक पळी टाकत होती मी. मंगळवारपासून. तूच म्हणत होती ना, याच्यात जास्त ताकद हाय. पोरीची ट्रायल हाय, म्हटलं, डब्बा तं तिले पचत नाही."

 मी तिथेच ओट्याला धरून उभी राहिले.

"तिले सांगितलं?"

"तिले कायले सांगू? ते तोंड वाकडं करते. पण पाह्य ना, कोच म्हणत होते, पोरगी हल्ली हलकी धावून राह्यली."

हे खरं होतं. बुधवारी आणि गुरुवारी कोचनं तिची वेळ मोजून पाठ थोपटली होती. मंगळवार, बुधवार, गुरुवार असं तीनदा लावलेलं तीन सकाळी तिनं प्यायलं होतं. मी मनात आकडे मांडले. आंबट पाण्यात घाणीतले जंतू फार टिकत नाहीत. पण काही टिकतात. आणि पोटात गेल्यावर बिघडायला एक दिवस लागतो, कधी तीन, कधी चार. तीन सकाळी ती ठणठणीत होती, याचा अर्थ सुटली असाही होत होता आणि अजून वेळ आहे असाही.

 मी बाटली पिशवीत टाकली, मडक्यातली वाटीभर पेज एका स्टीलच्या डब्यात घेतली आणि सायकल मारत कॉलेजला गेले. एप्रिलचं ऊन चारनंतरही डोक्यात शिरत होतं. वाटेत तीन वेळा वाटलं की मागे फिरावं आणि बहिणीला सरळ सांगावं. तीनही वेळा पुढचा प्रश्न आठवला. पाणी कुठलं होतं?

सर प्रयोगशाळेत परीक्षेचे कागद लावत बसले होते. मी त्यांना म्हटलं, आईनं चुकून नमुन्यातलं पाणी पेजीत टाकलं, बहिणीनं प्यायलं, उद्या सकाळी तिची धावण्याची चाचणी आहे. एवढं सगळं खरं सांगितलं. सर लगेच उठले. पेजीचा थेंब काचेवर घेऊन त्यांनी सूक्ष्मदर्शकाखाली धरला आणि मला बघायला सांगितलं. बारीक काड्यांसारखे जीव होते, काही स्थिर, काही वळवळणारे.

"सर, ये हिल रहे हैं."

"हिलने से कुछ पता नहीं चलता. प्लेट लगानी पड़ेगी."

त्यांच्याकडे जंतू वाढवायचं एक जांभळट रंगाचं माध्यम थोडंसं उरलं होतं. मैल्यातला जंतू त्यावर वाढला की ठिपक्यांना हिरवी, धातूसारखी चमक येते. आमच्याकडे निर्जंतुक करायला प्रेशर कुकरच होता. कुकरच्या शिट्ट्या होईपर्यंत मी खिडकीशी उभी राहिले आणि सर घड्याळ बघत राहिले. त्या माध्यमाच्या दोन काचेच्या ताटल्या तयार केल्या. एकीवर बाटलीतलं पाणी, दुसरीवर पेज. उबवायच्या पेटीची गरजच नव्हती, बालाघाटचा एप्रिल त्या पेटीपेक्षा कमी नव्हता. पण वाढायला पूर्ण दिवस लागणार होता. उत्तर शनिवारी संध्याकाळी मिळणार होतं आणि धावायचं होतं शनिवारी सकाळी.

सरांनी हात धुतले, पुसले आणि विचारलं, "सैंपल कहाँ का है?"

त्यांच्यासमोर टेबलावर माझी वही उघडी होती. मी स्वतःच ती उघडून ठेवली होती.

"टंकी का, सर. दो नंबर."

"पक्का?"

"जी."

त्यांचे खांदे खाली आले. ते खुर्चीत बसले. "फिर घबराने की बात नहीं. गरम पानी में भीगा हुआ धान है, उसके बाद खट्टा हुआ है. तुम्हारी माँ की पेज जैसा ही. लड़की को दौड़ने दो. उसे डराना मत."

मला त्या वेळी जे वाटलं ते सांगते. मला हायसं वाटलं. माझ्याच खोट्यावर दिलेलं उत्तर होतं ते, आणि तरी मी ते औषधाच्या पुडीसारखं मुठीत धरून घरी आले. सरांनी सांगितलं आहे. सर मोठे आहेत. सर म्हणतात, डराना मत.

घरी दिवेलागणीची वेळ होती. बहीण अंगणात बसून उसने आणलेले स्पाइक्स जुन्या ब्रशनं साफ करत होती. मी शेजारी बसले.

"पोट-बिट ठीक हाय ना तुयं?"

"काहून?"

"असंच."

"ठीक हाय. तू काहून इतकी घाबरून राह्यली? धावायचं मले हाय का तुले?" ती हसली. ती क्वचित हसायची. मग म्हणाली, "ताई, मले झोपताना रोज दिसते. मी बसमध्ये बसली, खिडकीजवळ, अन् पेटी वर टाकली. बस सुटली का मंग झोप लागते."

आतून आईच्या पळीचा आवाज आला. ती पेज लावत होती. मी उठून दारात गेले.

"बाटली तं तूच घेऊन गेली," आई म्हणाली. "आज त्यातलं नाही पडलं."

"नको टाकू. राहू दे."

"पण जुनी पळी हाय ना, त्यात आलंच ते."

ती बरोबर बोलत होती. मडक्यातली जुनी पेज नव्या पेजीत पडत होती. मी धक्का लागल्यासारखं करून मडकं पाडू शकले असते. झुरळ पडलं म्हणू शकले असते. खोटं बोलायची मला सवय झालीच होती, मग हे एक का सुचलं नाही? सुचलं होतं. पण मडकं पाडलं असतं तर आईनं विचारलं असतं, इतकं काय होतं त्यात. आणि मला सरांचं उत्तर खरं ठरायला हवं होतं. ते खरं असेल तर मी सुटत होते. मी तिथे उभी राहिले आणि आईनं मडक्यावर ताटली झाकली.

सकाळी पाचला बहीण उठली. ती दोनदा संडासाला जाऊन आली. शर्यतीच्या दिवशी ती नेहमीच दोनदा जायची. मग तिसऱ्यांदा गेली. मी पलंगावर बसून मोजत होते. बाहेर आली तेव्हा तिच्या कपाळावर घाम होता.

"भेव लागून राह्यलं," ती आईला म्हणाली.

"लागनच. पेज पे, बरं वाटन." आईनं पेला भरला, मीठ ढवळलं आणि तिच्या हातात दिला.

मी स्वयंपाकघराच्या दारात होते. पेला तिच्या ओठांपर्यंत जायला किती वेळ लागतो? मला तेवढ्यात पाच शब्द बोलता आले असते.  तिनं पेल्यावरून माझ्याकडे पाहिलं, थांबली, मग डोळे मिटून एका दमात प्यायली, कारण तिला वेळ नव्हता.

मैदानावर कोच शिट्टी गळ्यात घालून फिरत होता. अकरा मुली होत्या. मलाजखंडच्या कंपनी वसाहतीतल्या दोघी नव्या बुटांत, कटंगीची एक उंच मुलगी अनवाणी, किरनापूरच्या तिघी एकमेकींचे हात धरून. साडेसात फेऱ्या. आई, बाबा आणि मी पायऱ्यांवर बसलो. आईनं पदराच्या गाठीत कसलातरी अंगारा आणला होता.

पहिल्या तीन फेऱ्या ती चौथी होती. चौथ्या फेरीत तिनं किरनापूरच्या मुलीला टाकलं. पाचव्या फेरीच्या वळणावर ती दुसऱ्या जागी आली आणि बाबा, जे कधी मोठ्यानं बोलत नसत, ते उभे राहून ओरडले. पुढे फक्त कटंगीची मुलगी होती. दुसरी जागा पुरेशी होती. एवढीच धरून ठेवायची होती. मी ओरडत नव्हते. मी तिचा उजवा हात पाहत होते. तो हालायचा थांबला होता आणि पोटावर गेला होता.

"पायात गोळा आला का काय," बाबा म्हणाले.

सहाव्या फेरीत तिचा चेहरा पायऱ्यांसमोरून गेला. नेहमीचा राग त्यावर नव्हता. ती कोणाची तरी विनवणी करत असल्यासारखी दिसत होती. मलाजखंडची मुलगी तिच्या खांद्याशी आली. बहिणीनं पन्नास पावलं तिला पुढे जाऊ दिलं नाही. मग अचानक ती रेषेबाहेर पडली आणि मैदानाच्या भिंतीमागे धावत गेली.

"अरे, किधर? ए लड़की! लाइन मत छोड़!" कोच ओरडत होता.

ती परत आली. रेषेबाहेर गेलेलीची धाव धरत नाहीत हे तिला माहीत होतं, तरी परत आली आणि उरलेलं अंतर एकटीच धावली, बाकीच्या सगळ्या पोहोचून पाणी पीत असताना. तिच्या चड्डीवर काय झालं होतं ते सगळ्यांना दिसत होतं. कोणीतरी मुलगी हसली. आई पदर खांद्यावरून काढत पायऱ्या उतरली आणि तिनं रेषेवर बहिणीला पदरात गुंडाळलं.

दवाखान्यात दोन बाटल्या सलाइन लागलं. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, काय खाल्लं, कुठलं पाणी प्यायलं. आईनं सगळं सांगितलं, एक पळीही लपवली नाही. डॉक्टरीणबाई म्हणाल्या की घाण पाण्यानं झालं आहे, पोरगी धडधाकट आहे म्हणून निभावलं. त्या आईला रागावल्या नाहीत.  आई नळीतून पडणारे थेंब बघत बसून राहिली.

दुपारी तिला घरी आणलं. संध्याकाळी मी कॉलेजला गेले.

सरांनी ताटल्या खिडकीच्या उजेडात धरल्या होत्या. दोन्हींवर हिरव्या, चकचकीत ठिपक्यांची दाटी झाली होती. गौरीच्या मखराला लावायची ती चमकी असते ना, तशी. दिसायला फार सुंदर होतं ते.

"यह टंकी का पानी नहीं है," सर म्हणाले.

मी मान खाली घातली.

"बहन?"

"नहीं हुआ, सर. बीच में बाहर हो गई."

त्यांनी झाकणं लावली.  मग म्हणाले, "कल मैंने कहा था, उसे दौड़ने दो. तुमने मुझसे कहलवाया." त्यांनी माझी वही माझ्याकडे सरकवली आणि कागद लावायला घेतले. ते ओरडले असते तर मला बरं वाटलं असतं.

घरी येताना ठरवलं, आता सांगायचं. सगळं, आईसमोर आणि तिच्यासमोर. बाबा औषधं आणायला गेले होते. बहीण खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडली होती. आई तिच्या पायाशी बसली होती. चुलीजवळ मडक्याचे तुकडे पडले होते. ते आईनंच फोडलं होतं.

मी जमिनीवर बसले आणि बोलले. पाणी टाकीचं नव्हतं. नाल्याचं होतं, संडासाच्या नालीखालचं. मी ते पाहून भरलं. वहीत खोटं लिहिलं. काल चार वाजल्यापासून मला माहीत होतं. सरांना विचारलं ते खोटं सांगून विचारलं. बोलता बोलता मी रडायला लागले.

आईनं माझ्या डोक्यावर हात ठेवला.

"काहून असं बोलून राह्यली, बाई? मायावरचा आळ तू आपल्यावर काहून घेतेस?"

"आई, खरं हाय हे."

"मी वाचलं ना त्या दिवशी. टाकी क्रमांक दोन, असं लिहिलं होतं. तुया हातचं अक्षर हाय. तू अशी खोटं लिहिणारी नाहीस." ती माझे डोळे पुसायला लागली. "माया हातानं झालं. मी अडाणी. सायन्सचं पाणी, अन् मी पळी घालून बसली. तू शिकलेली, तुयं मन मोठं हाय म्हणून तू मले वाचवून राह्यली. पण मले माहीत हाय ना."

मी पुन्हा सांगितलं. वही आणून दाखवली, नाल्याची जागा सांगितली, मुनशीचं भांडण सांगितलं. जितकं सांगत गेले तितके तिचे डोळे जास्त भरून येत होते, की पोरगी आईसाठी किती रचून बोलते आहे. त्या दिवशी मला कळलं, की इतकी वर्षं मिळालेला विश्वास मला आता परत करता येत नव्हता. पुढे कित्येक वर्षं ती आल्यागेल्याला हेच सांगायची. धाकटीचं नशीब मी घालवलं, आणि मोठी माझ्यासाठी दोष स्वतःच्या माथी घ्यायला निघाली होती.

खाटेवर हालचाल झाली. बहीण कूस बदलून माझ्याकडे बघत होती. तिचे ओठ सुकून पांढरे झाले होते. तिनं सगळं ऐकलं होतं आणि तिला ते सगळं पटलं होतं. तिनं मला एकच गोष्ट विचारली.

"सकाळी मी पेज पेऊन राह्यली होती. तवा तू दारात उभी होती ना?"

"हौ," मी म्हटलं.

ती पुन्हा भिंतीकडे वळली. आईला त्यातलं काही कळलं नाही. ती मला म्हणाली, "तू सकाळपासून उपाशी हायस, बस, तुले भाकर देतो."